स्थळाच्या चौकशीला युगांडाहून

परत येऊन आठवडा झाला तरी आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या बायका मला सोडायला तयार नाहीत. "दहा दिवस गावाला होतीस, काय काय पाहिलंस?" आता पिंपळवंडी, लोणी आणि तळेघर ही काही कुणी तिकीट काढून पाहायला जावं अशी ठिकाणं नव्हेत. पण यांच्यातल्या अर्ध्याजणी चार-चार वर्षं घरी गेलेल्या नाहीत. त्यांना मी तोंडानं सांगायला बसले तर पोळ्या करपतील, म्हणून लिहूनच काढते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही बारा वर्षं युगांडात राहतो, मोठ्या तळ्यापासून जवळच. माझा नवरा इथल्या एका फार्मवर गुलाबांची पॉलीहाउसं सांभाळतो. मी घर सांभाळते आणि त्याच्याबरोबरची पोरं सांभाळते, कारण जुन्नर-आंबेगावची निम्मी पोरं रविवारी जेवायला माझ्याकडेच असतात. त्यातलाच एक अमोल, लोणीचा. चार वर्षं झाली त्याला. शांत, कामसू, भाकरी मात्र तीन खाणार.

दिवाळीनंतर दादाचा फोन आला. "शोभे, ऋतुजाला स्थळ आलंय. पोरगा तुमच्याच फार्मवर हाय म्हनं. तू ये. तू म्हनशील तसं." ऋतुजा म्हणजे माझी भाची, दादाची एकुलती एक मुलगी. फार्मसी शिकलेली, आळेफाट्याला औषधांच्या दुकानात बसते. आपल्याकडे मुलगी द्यायची म्हणजे आधी चौकशी. मुलाच्या गावात, बाजारपेठेत, भावकीत विचारायचं. पण हा मुलगा राहतो विषुववृत्तावर, तिथं चौकशीला कोण जाणार? म्हणून मला बोलावलं. माझ्या शब्दावर लग्न ठरणार म्हटल्यावर मी एकदम मोठी झाले. हा मोठेपणा विमानात बसेपर्यंत टिकला, मग अमोलचं गुपित आठवलं.

ते असं. मागच्या पावसाळ्यात अमोलला मलेरिया झाला, साधा नव्हे. पाच दिवस दवाखान्यात होता. एक रात्र तर तो आम्हाला ओळखत नव्हता. शुद्धीवर आल्यावर हात जोडून म्हणाला, "काकू, घरी सांगू नका. आई वेडी होईल." मग त्याच्या आईला फोन मी केला. "इकडं टॉवर पडलाय, आठवडाभर अमोलचा फोन लागायचा नाही, काळजी करू नका." ही थाप माझीच. तेव्हा मला तिचा अभिमानही वाटला होता.

पिंपळवंडी

पहाटे उतरले तर थंडी! अंगणात शेकोटी, दादा कानटोपी घालून. बारा वर्षांत मी थंडी विसरलेच होते. आमच्याकडे सूर्य बारा महिने पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो, सरकारी नोकरासारखा. पाऊस वर्षातून दोनदा, ऊन रोजचंच. स्वेटर विकत घ्यायला गेलात तर दुकानदार तब्येतीची चौकशी करेल.

तोंड धुतलं नाही तोवर शेजारपाजार गोळा झाला. पहिला प्रश्न ठरलेला: "तिकडं सिंह लई असत्याल न्हाई?" मी बारा वर्षांत माकडांपलीकडे काही पाहिलेलं नाही. तसं सांगितलं, तर सगळे हिरमुसले. आणि त्याच दमात वहिनी म्हणाली, "दिवस मावळल्यावर मागल्या उसाकडं जाऊ नका शोभाताई, बिबट्या फिरतो. परवाच शेळी उचलली." युगांडातली माणसं मला विचारतात, तुमच्या देशात जनावरं नसतील ना. मी आपलं नाही म्हणून सांगते. गावची अब्रू कशाला घालवा.

दुपारी वहिनीनं मासवड्या केल्या. बेसनाच्या वड्या, आत तीळ-खोबऱ्याचं सारण आणि बाजूला झणझणीत रस्सा. पहिल्याच घासाला नाकाडोळ्यांतून पाणी. "तिकडं काय खातेत?" तर हिरवी केळी पानात गुंडाळून तासन् तास वाफवतात आणि शेंगदाण्याच्या रश्शाबरोबर खातात. पहिली दोन वर्षं मला ते नको व्हायचं, आता आठवड्यातून एकदा मीच करते. अवोकाडोचं तर इतकं पीक, की आमच्या पत्र्यावर दिवसभर धडाधड पडतात. दादा म्हणाला, "आरं वा, मंग मजाच हाय." तिथं मी पहिल्यांदा अडखळले. तोंडात "हो, मजेत" आलं होतं. बारा वर्षं दर रविवारी फोनवर तेच म्हणतेय, जीभ तशीच वळते.

जेवण झाल्यावर भांडी घासायला बसले. युगांडात मला "मॅडम" म्हणतात. ग्रेस नावाची बाई कामाला येते, आणि थोरामोठ्यांना गुडघे टेकून नमस्कार करायची तिकडची रीत, म्हणून रोज सकाळी माझ्यापुढेही टेकते. मी लाख वेळा सांगितलं, टेकू नकोस. ती ऐकत नाही. कुंपण, राखणदार, बागेला माळी. सुख आहे, खोटं कशाला बोलू. पण त्या कुंपणाच्या आत संध्याकाळी सहा वाजता हाक मारावी असं कुणी नसतं. पिंपळवंडीत ओट्यावर बसून तवा घासताना चौघी गप्पा मारायला आल्या आणि माझे हात राखेत असताना मला रडू आलं. वहिनीला म्हटलं, मिरचीचं आहे.

लोणी, मंचरमार्गे

दुसऱ्या दिवशी दादा आणि मी मोटारसायकलवर निघालो. वाटेत मंचरला दादानं एका कापडाच्या दुकानासमोर गाडी लावली. लोणीची माणसं लग्नाचा बस्ता इथंच बांधतात, म्हणजे त्या गावातलं घर न् घर शेठला ठाऊक. चौकशीची पद्धतच ती.

शेठनं गादीवर बसवलं, चहा मागवला. "घराणं सोन्यासारखं हाय. उधारीचं नाव न्हाई, आवाज चढवून बोलणं न्हाई." मग माझ्याकडे वळले. "आणि तुमी परदेशात? आमचे पणजोबा मारवाडातनं हिकडं आले, त्यांना मंचर परदेशच व्हतं. हिकडच्या पावसानं निम्मं आयुष्य तापानं फणफणले म्हणतेत. पण घरी धाडलेली पत्रं अजून हायेत आमच्याकडं. एकाही पत्रात ताप न्हाई. सगळ्या पत्रात कुशल." शेठ हसले, दादाही हसला. मी चहाचा ठसका लागल्याचं निमित्त केलं.

लोणी म्हणजे आंबेगावचा पूर्वेकडचा कोरडा भाग. ज्वारी डोक्याएवढी उभी होती. अमोलच्या घरी हुरड्याची आगटी पेटवून तयारी, लसणाची चटणी, दही, गूळ. अमोलची आई बुटकी, भरभर बोलणारी. त्याचे वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, बाजेवर बसलेले. आम्ही आलो तर उठायला गेले, आणि तेव्हा मला काठी दिसली. एक पाय वाकतच नव्हता.

"भादव्यात ट्रॉलीवरनं पडले," अमोलची आई म्हणाली. "मांडीत रॉड हाय."

"अमोल काही बोलला नाही," मी म्हटलं.

"त्याला ठावं न्हाई ना!" अण्णा मोठ्यानं हसले. "व्हिडिओ कॉल आला की ही मोबाईल आसा धरती. पोटापर्यंतच. पोटाखाली अण्णा हायेत का न्हाईत, त्याला काय कळतंय?"

अमोलच्या आईनं मला मोबाईल कसा धरायचा तेही दाखवलं. दोन्ही हातांनी, कोपर गुडघ्यावर टेकवून, म्हणजे हलत नाही. चार महिन्यांचा सराव. मग माझा हात धरून म्हणाली, "ताई, तुमी बी सांगू नका हां. पळत येईल ते, नोकरीवर पाणी सोडून. पण तुमी त्याला रोज बघता, तुमीच सांगा, बरा हाय ना माजा बाळ? आजारबिजार?"

दादा माझ्या तोंडाकडे बघत होता. हीच तर चौकशी. एकीकडे मुलाचं गुपित माझ्या पोटात, दुसरीकडे आईबापाचं. मी हुरड्याची मूठ तोंडात कोंबली आणि मान हलवली. ती हो होती की नाही, हे माझं मलाही सांगता यायचं नाही. त्यांनी हो धरली.

तळेघर

ऋतुजानं दोन दिवस मला काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आत्या, तू बाबांना चांगलंच सांगणार. मला वाईट सांगणारं माणूस दाखव." म्हटलं, आहे. तळेघरची मंगल. तिचा नवरा आमच्या फार्मवर ठिबकचं काम बघायचा, चार वर्षं आमच्या शेजारी राहिली आणि एक दिवस सामान बांधून कायमची परत आली.

घोडेगावपर्यंत एसटी मिळाली. पुढची गाडी डिंभ्याच्या धरणाकडेनं वळणं घेत तळेघरला गेली आणि तिथून मंगलची वाडी पायी. दोन्हीकडे कापून झालेली भातखाचरं आणि हवेत पेंढ्याचा वास. मी नवे बूट घालून गेले होते. पहिल्या अर्ध्या तासात दोन्ही टाचा सोलून निघाल्या, बूट हातात घेतले आणि युगांडाच्या मॅडम अनवाणी चालू लागल्या. ऋतुजा इतकी हसली, की मलाही धीर आला. म्हटलं, आता सांगूनच टाकावं.

सांगितलं सगळं. कुंपण, एकटेपण, सणाला चार डोकी, दादाच्या लग्नाच्या वाढदिवसाला मी स्क्रीनवर. आणि अमोलचा मलेरिया, पडलेल्या टॉवरसकट.

"कुठला? फाल्सिपेरम?" औषधांच्या दुकानातली मुलगी ती. मी हो म्हटलं, तोच, मेंदूपर्यंत जाणारा. "पूर्ण कोर्स केला का?" केला. मग ती चढ संपल्यावर थांबली.

"मलेरियाचं काही नाही आत्या, तो इथंही होतो. पण टॉवर कुणी पाडला?"

"मी."

"म्हणजे उद्या मी तिकडं आजारी पडले, तर बाबांना तू टॉवरच सांगणार?"

मला राग आला, खरं तर. दीडदमडीची पोरगी मला शिकवते म्हणून. राग दहा पावलं टिकला, कारण ती बरोबर बोलत होती.

मंगलनं आम्हाला लांबूनच पाहिलं आणि खाचर तुडवत धावत आली. नाचणीची भाकरी, हरभऱ्याची भाजी, घरच्या तांदळाचा मऊ भात. ऋतुजानं सरळ विचारलं, "काकी, तिकडं काय वाईट?"

"वाईट?" मंगल चुलीपाशी बसली होती. "आगं, मी मोटारसायकलच्या मागं बसून एकटी बाजाराला जायची तिथं. कुटं चाललीस, कवा येशील, विचारायला कुनी न्हाई. सून न्हाई, जाऊ न्हाई, मंगल म्हनूनच राहायची मी. चार वर्सांत त्यांची भाषा बी शिकले. शेजारनीशी सकाळी राम राम करायला पाच मिन्टं लागायची. तू कशी, नवरा कसा, पोरं कशी, शेळ्या कशा, सगळं इचारल्याबिगर सोडायची न्हाई. आजून आठवती मला ती."

"मग परत का आलात?"

मंगलनं भाकरी उलटली. "माझी सासू वारली. मला चौदाव्या दिवशी कळवलं. ह्यांच्या परमिटचं काम चाललं व्हतं, घरची म्हनली, कशाला घोर. मी फोन केला की सांगायचे, झोपलीया. दुसऱ्या दिवशी, रानात गेलीया. मेलेल्या मानसाला रोज रानात धाडत व्हती ही मानसं, आन् मी तिकडनं म्हनतीय, उन्हाचं कशाला धाडता तिला." ती हसली, पण पदर डोळ्याला लावला. "त्याच्यानंतर कुनी बरं हाय म्हनलं की मला झोप लागंना. खरंच बरं हाय का, कसं कळावं? म्हनून आले. पोरी, तू जा. लई शिकायला मिळतं. पन आधी दोन्ही घरांची जबान घे."

परतीच्या एसटीत ऋतुजा खिडकीशी बसली होती. मध्येच म्हणाली, "बैठकीत खरं सांगशील?" मी म्हटलं, मोडेल गं लग्न. ती म्हणाली, "मोडू दे की."

पुन्हा पिंपळवंडी

रविवारी बैठक. लोणीची मंडळी जीपनं आली. अण्णांचा पाय पुढच्या सीटवर लांब केलेला. पोहे झाले, चहा झाला, ऊस-कांद्याचे भाव झाले. मग दादानं मांडी बदलली. "आता शोभा सांगंल. तिच्या शब्दाभायेर आमी न्हाई."

सगळे माझ्याकडे हसून बघत होते. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि बोलायला लागले. मुलगा गुणी आहे, निर्व्यसनी आहे. आणि मागच्या पावसाळ्यात तो पाच दिवस दवाखान्यात होता, एक रात्र आम्ही आशा सोडली होती, आणि टॉवर पडला नव्हता.

दादाचं तोंड लाल झालं. "आन् हे तू आज सांगतीस? हितं, पावण्यांम्होरं?"

अमोलच्या आईनं मात्र दादाकडे पाहिलंच नाही. "ताई, तो फोन तुमीच केलता."

"हो."

"टॉवर लवकर उभा राहू दे म्हनून मी ओझरच्या गणपतीला नारळ बोलले व्हते. फेडला बी." एवढंच बोलली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी उठून तिचे पाय धरले, तर तिनं मला शेजारी बसवलं आणि आम्ही दोघी रडलो. पुरुष मंडळी आढ्याकडे बघत बसली.

एवढ्यात ऋतुजा आतून आली. बैठकीत मुलीनं बोलायची रीत नाही. तिनं अमोलला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. तो टोपी घालून, मागे गुलाबांच्या रांगा.

"अमोल, एक मिनिट," ती म्हणाली आणि मोबाईल अण्णांसमोर धरला. डोक्यापासून सुरुवात केली, पोट, मांडी, काठी, ताठ पाय, चप्पल. सावकाश. "आजपासून पुरता माणूस दाखवायचा."

पलीकडून आवाज आला, "अण्णा? कधी?"

"भादव्यात," अण्णा पुटपुटले. गुन्हा कबूल करावा तसं.

अमोलनं टोपी काढली आणि सगळ्यांसमोर रडला. चार वर्षांत मी त्याला आजारपणात पण रडताना पाहिलं नव्हतं. "आई, मी पण..." म्हणाला. "कळलं मला," आई म्हणाली. "औषध पुरं घेतलंस का?"

ऋतुजानं मोबाईल स्वतःकडे वळवला. "माझा होकार आहे. पण इकडं काही झालं तर मला त्याच दिवशी कळलं पाहिजे. मला काही झालं तर इकडं त्याच दिवशी. हे सगळ्यांसमोर बोला." अमोल बोलला. अण्णा बोलले. त्याची आई बोलली. दादा मात्र खाली बघत "बरं बरं" म्हणाला, आणि भटजी नसताना घाईघाईनं सुपारी फोडायला लावली. साखर वाटली गेली.

पाहुण्यांची जीप वळणाआड गेली तशी मी ओट्यावर पाय पसरून बसले. आठ दिवसांत पहिल्यांदा पोट हलकं. म्हटलं, "काय माणसं बाई! बापाचा पाय चार महिने लपवला. बरं झालं, आपल्या घरात असलं काही नाही."

कुणी हसलं नाही. ऋतुजा दारात उभी होती. ती आईला म्हणाली, "सांग ना आता."

"कशाला?" दादा म्हणाला. "तिचं विमान परवा हाय."

वहिनी आत गेली. कपाटाचं दार वाजलं. ती आली तेव्हा तिच्या हातात दवाखान्याची जाड फाईल होती. माझ्या मांडीवर ठेवली. "अडीच वर्सं झाली शोभाताई. ह्यांची एक किडनी काढली. पंधरा दिवस पुण्याला व्हते. तुमी फोन केला की मी म्हनायची, पाणी धरायला गेलेत."

मी दादाकडे पाहिलं. तो काळवंडलेल्या शेकोटीतली राख काडीनं उकरत बसला होता. माझ्याहून सात वर्षांनी मोठा, पण त्या क्षणी शाळेत पकडलेल्या पोरासारखा.

"तू बी रडली असतीस तिकडं एकटी," तो म्हणाला.

"रडले असते," मी म्हटलं. "तो माझा हक्क होता, दादा."

त्यानं काडी राखेत टाकली. मग म्हणाला, "कुटनं सांगू?"

"पहिल्या दुखण्यापासून."

दादा सांगत होता, चुकेल तिथं वहिनी त्याला दुरुस्त करत होती, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या घरची खबर कळत होती.